तिहिकुराचं डोकं

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

हिशेबाच्या वहीची मागची पानं दर वर्षी कोरीच राहतात आणि मग चुलीत जातात. आज कपाळावर राख लावताना फादर म्हणाले, या उपवासात साखर सोडण्यापेक्षा रोज मनातलं खरं लिहा. साखर मी सोडलीच आहे. लिहूनही बघते, पानं तरी कारणी लागतील.

या चाळीस दिवसांत देवाकडे एकच मागणं. हायमोनानं माराएवर, आमच्या कुळाच्या सभागृहापुढच्या अंगणात, एकदा तरी उभं राहून बोलावं. आमच्यात सभागृहापुढे बोलायला उभा राहिलेला पुरुष आधी आपल्या डोंगराचं नाव घेतो, मग नदीचं आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं. माझा नवरा तीस वर्षांत उभा राहिलेला नाही. मागच्या बाकावर, बुटांच्या ढिगाशेजारी बसतो. आमच्या तिहिकुरा डोंगराचा माथा खाणीनं खाल्ला, त्याच्या खडीचे रस्ते झाले, आणि त्या खाणीत लोडर चालवत होता हायमोना.

"दुसऱ्या कुणी चालवला असता," असं मी त्याला किती वेळा म्हटलं.

"दुसरा कुणी चालवत नव्हता," असं तो म्हणतो आणि रेडिओ मोठा करतो.

२१ फेब्रुवारी

शहरातल्या कलादालनाच्या फिलिपाबाई आल्या होत्या. नदीकाठच्या नव्या वाटेवर सहा शिल्पं बसवणार आहेत, विषय डोंगर. हायमोना निवृत्त झाल्यापासून बागेत ठेवायची दगडी बदकं आणि घुबडं करतो, ती बरी खपतात. अलीकडे मात्र नुसतेच गुळगुळीत गोळे करतो, त्यांना ना चोच ना डोळे. बाईंना नेमके ते गोळेच आवडले.

"डोंगर दाखवायचा नाही, जाणवायला हवा," म्हणाल्या.

मी विचारलं, "म्हणजे ओळखू येणार नाही असा?"

त्या खूप हसल्या. मी विनोद केला नव्हता.

हायमोना हो म्हणाला! नदीकाठी सगळ्या गावासमोर त्याच्या हातचा डोंगर उभा राहील. आता कोरो, म्हणजे आजोबा, पेतेरालाही बघावंच लागेल. पेतेरा म्हणजे हायमोनाचा थोरला चुलतभाऊ, माराएवरचा सर्वांत वडील माणूस. खाण बंद झाली त्या वर्षापासून दोघांचं बोलणं 'सरक' आणि 'मीठ दे' याच्या पुढे गेलेलं नाही.

२ मार्च

आजचा दिवस लिहायला हात धजत नाही, पण खरं लिहायचं ठरवलं आहे.

हायमोनानं शेडमागची काटेरी झुडपं तोडली आणि तो मोठा काळा दगड मोकळा केला. त्या दगडाच्या उघड्या बाजूवर मी भांडी पुसायचे टॉवेल वाळत घालते. दहा वाजेपर्यंत तो छान तापतो.

"हाच घेतो," म्हणाला.

"मग माझे टॉवेल?"

"तारेवर घाल."

"तारेवर? चड्ड्यांशेजारी? ताटं पुसायची ती, हायमोना! वेड लागलंय का तुला? तुझ्या आईनं मला हेच शिकवलं होतं का?"

तो कुऱ्हाड टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "हुहाना, हा तिहिकुराच्या माथ्यावरचा दगड आहे. सगळ्यात वरचा."

शेवटच्या पाळीला त्यानं तो भरडायच्या यंत्रात घातला नाही. मुकादमाला सांगितलं, बायकोला बागेत हवाय, आणि लोडरच्या तोंडात धरून घरी आणला.

मी पायरीवर बसले. आमच्यात डोकं पवित्र, म्हणून आम्ही माणसाच्या उशीवर बसत नाही. टोपी जेवणाच्या टेबलावर ठेवत नाही. आणि मी तीस वर्षं आमच्या डोंगराच्या डोक्यावर खरकट्याचे टॉवेल पसरले.

"तीस वर्षं बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू परत न्यायला लावला असतास."

"मग! लावलाच असता!"

"कुठे नेणार? वर जागा कुठे उरली होती?"

४ मार्च

पापनिवेदन केलं. फादर नवे, फिलिपिन्सहून आलेले. नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "टॉवेल धुतलेले होते ना?" होते म्हटल्यावर प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मारिया' म्हणायला दिल्या. फार स्वस्तात सुटले असं वाटलं, म्हणून नणंदेकडे गेले. मेरेआना हायमोनाची धाकटी बहीण, तिच्याकडून फुकटात सुटका होत नाही.

ती फ्रिजला धरून हसली. "म्हणजे आपल्या डोंगराला तीस वर्षं मटणाच्या रश्श्याचा वास! तरीच त्याच्यावर ढग बसत नाहीत!"

मग डोळे पुसून एकदम हळू आवाजात म्हणाली, "पेतेराला सांगू नकोस हं, वहिनी."

"तू नाही सांगितलंस तर कळणार नाही."

"मी? मी कशाला सांगते?"

१९ मार्च

दगडाची क्षमा मागून, प्रार्थना म्हणून, ट्रॅक्टरनं तो शेडमध्ये ओढून घेतला आणि काम सुरू झालं आहे. हायमोना पुरता बदलला. बदकं करताना बदकावरच बसून सँडविच खायचा, पेतेरांनी ते बघून एकदा चारचौघांत तोंड फिरवलंही होतं. आता शेडमध्ये चहासुद्धा चालत नाही. दाराबाहेर मला पाण्यानं एक तसराळं भरून ठेवायला लावलं आहे. बाहेर पडताना हात धुतो, दोन थेंब डोक्यावर शिंपडतो आणि मगच अंगणात येतो. जुने कोरीवकाम करणारे असेच सोवळ्यानं काम करायचे. देवानं ऐकायला सुरुवात केली म्हणायची.

खोकला मात्र हटत नाही. धूळ, दुसरं काय. मध आणि लिंबू चालू आहे. पट्ट्याला खिळ्यानं आणखी एक भोक पाडलं, ते दुसरं. म्हटलं, उपवास मी करतेय आणि बारीक तू होतोयस.

२८ मार्च

दोघं शहरात गेलो. बाकीच्या पाच जणांचे डोंगर दालनात मांडले आहेत. एकानं पांढऱ्या संगमरवराची अंडी एकावर एक रचली आहेत. एकानं गंजलेल्या लोखंडाचे तीन पत्रे एकमेकांवर रेलून ठेवले आहेत, वाऱ्यानं पडलेल्या कुंपणासारखे. एका पोरीनं लाकडात नुसत्या आडव्या चिरा पाडल्या आहेत. जवळून बघितलं तर चिरा, आणि दाराशी पोहोचून मागे वळले तर खरंच लांबवर धुक्यातल्या रांगा! मी परत जाऊन दोनदा बघितलं. मला कळलं असं नाही, पण छातीत काहीतरी झालं.

हायमोना एका तारेच्या कामासमोर थांबला. पोलादी तार वाकवून फक्त कडा दाखवली आहे. मधे काहीच नाही, पलीकडची खिडकी दिसते.

"यात डोंगर कुठाय?" मी विचारलं.

"जिथे नाही तिथे," म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय, पण चेहरा तसा नव्हता.

नंतर तो कटरची पाती आणायला एकटाच गेला. मी घरून नेलेलं सँडविच खात दोन तास बाकावर बसले. पाती न घेताच आला. कोपराच्या आतल्या बाजूला कापूस आणि चिकटपट्टी होती. काटा लागला म्हणाला. आता झुडपं तोडून महिना होत आला, अजून काटे कसले लागतात? लांब बाह्यांचा शर्ट घालत जा म्हणून रागावले.

१७ एप्रिल

ईस्टर झाला, तरी लिहायचं सोडवत नाही.

आज शेडमध्ये डोकावले. दगड माझ्या कमरेला लागतो. बाजूच्या धारा मी बघताक्षणी ओळखल्या. दक्षिणेची ती लांब सोंड, तिच्यावरून आम्ही मुली रानपालेभाजी खुडत चढायचो. कुठेही झाड नाही की पायवाट नाही, नुसता दगडाचा उतार आहे, आणि तरी माझ्या पोटऱ्यांनी ओळखला.

पण माथा! माथ्याच्या जागी तो खोदतोय. परातीएवढा खड्डा.

"अरे, टोक कुठे गेलं?"

"टोक मी काढलं होतं ना."

"म्हणून तर आता बसव!"

"हातानं काढलंय, हुहाना. हातानं परत बसत नाही."

मला इतका राग आला की रडू फुटलं. अख्खा गाव बघणार आणि यानं केलेला खड्डा पुन्हा यानंच कोरून ठेवायचा? काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "पाणी साचेल त्यात. डास होतील."

तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि बादली उपडी करून तिच्यावर बसला. रुमाल तोंडाला लावला आणि घडी घालून स्वतःच्याच खिशात ठेवला. हल्ली स्वतःचे रुमाल स्वतः धुतो. एकाहत्तराव्या वर्षी का होईना, वळण लागलं.

९ मे

कोरो पेतेरा आले! हायमोनानंच बोलावलं होतं. मी घाईनं पाव भाजायला घेतला. खिडकीतून दोघं अंगणात दिसत होते. पेतेरांनी काठी दोनदा जमिनीवर आपटली.

"तिथे? त्या फाटकाशी? हा दगड? लोक काय म्हणतील ठाऊक आहे तुला?"

हायमोना हळू बोलत होता. "लोकांनी काही म्हणायचं नाही, भाऊ. फक्त हात..." एवढंच ऐकू आलं. मग किटली शिटी मारायला लागली.

पेतेरा शेडमध्ये गेले ते खूप वेळानं बाहेर आले. तसराळ्यात हात धुतले. मी चहाला थांबा म्हटलं तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज नको, पोरी." बासष्ट वर्षांच्या बाईला पोरी.

नदीकाठच्या वाटेच्या तोंडच्या फाटकाशी, शहरवाल्यांच्या कुत्र्यांच्या येण्याजाण्यात आमच्या डोंगराचं डोकं ठेवायला त्यांचा विरोध असणार. त्यांचंही खोटं नाही. रात्री जपमाळेची जास्तीची पाच दशकं, म्हणजे पन्नास मणी, म्हटली.

२ जून

फिलिपाबाईंचा फोन आला. हायमोनानं त्यांना पत्र लिहून कळवलं आहे की दगड देणार नाही. बाई चिडल्या नाहीत. फक्त विचारत होत्या, "ते कसे आहेत?" बरे आहेत म्हटलं.

फोन ठेवल्यावर त्याला धारेवर धरलं. "मग कुणाला देणार?"

"पेतेरा ठरवेल."

"जो माणूस तीस वर्षं तुला उभा राहू देत नाही, त्याच्या हातात?"

"त्यानं कधी अडवलं नाही, हुहाना. मीच उभा राहत नाही."

आणि कूस बदलून झोपला. हल्ली दुपारपर्यंत झोपतो. आमच्याकडे जून म्हणजे हिवाळा, थंडीनं माणूस आळसावतो.

९ जून

लेक ब्रिस्बेनहून आली. सुट्टी उरली होती म्हणे. रिपेका कधी न कळवता येत नाही. मी खूश झाले, रताळी आणि डुकराचं मटण केलं. दोन घास खाऊन ती न्हाणीघरात गेली आणि किती तरी वेळ नळ सोडून ठेवला. मी दार वाजवून सांगितलं, पाणी असं वाया घालवू नये.

"हो, आई," म्हणाली. नळ बंद केला आणि मग आतून काहीच आवाज आला नाही.

१४ जून

मला कळलं. हायमोनाच्या छातीत धूळ होती, ती आताची नव्हे, खाणीची. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं.

पट्ट्याची भोकं मीच मोजत होते.

२१ जून

आता मी पण शेडमध्ये असते. त्याला यंत्र उचलवत नाही. तो खुर्चीत, गुडघ्यांवर पांघरूण. मी पाण्याची नळी धरते आणि घासायचा दगड खळग्यात गोल फिरवते. बोटं बधिर होतात. तो तिथून सांगतो, मी करते.

"हात आत फिरव. टोचतंय?"

"नाही."

"परत बघ. डोळे मीट. रडणाऱ्या माणसाला दिसत नसतं."

माझ्याबद्दलच बोलतोय असं वाटलं. मी म्हटलं, "मी रडत नाहीये." डोळे मिटून हात फिरवला. डाव्या बाजूला एक बारीक खरखर लागली. तिथे आणखी तासभर घासलं. मग पुन्हा हात फिरवला, तेव्हा नाही लागली.

"आता?"

"आता आईच्या तळहातासारखं."

"झालं मग," म्हणाला.

घरात येताना दोघांनी तसराळ्यात हात धुतले. त्याचे मी धुतले.

३० जून

मी चर्चमध्ये मिस्साला गेले होते. तेवढ्यात खाणीतले जुने तिघं जण ट्रक घेऊन आले आणि दगड ताडपत्रीत गुंडाळून नेला. कुठे, ते कुणी सांगत नाही. हायमोना म्हणाला, "पेतेरा हो म्हणाला." मग दिवसभर तेच दोनदा-तीनदा म्हणाला, "हो म्हणाला तो."

शेडमागे, जिथे तो तीस वर्षं होता, तिथे अजून गवत नसलेला एक गोल आहे.

११ जुलै

सकाळी सहाला. रिपेका पायांशी, मी उशाशी. शेवटची प्रार्थना तो ओठांनी म्हणत होता. देवा, तुझ्या हाती दिला.

१५ जुलै

तीन दिवस सभागृहात त्याच्याजवळ बसले. पेटी उघडी, तो त्याच्या कोटात, बुटांच्या ढिगाशेजारी नव्हे, मधोमध. एकामागून एक बोलायला उभे राहत होते आणि आमच्या रीतीप्रमाणे त्याच्याशीच बोलत होते. कुणी रागावत होतं, कुणी उसने नेलेले नट आवळायचे पाने परत मागत होतं. पेतेरा तिन्ही दिवस काही बोलले नाहीत. माझ्या मनात आलं, मेल्यावरही नाहीच का?

काल सकाळी झाकण लावायच्या आधी ते उठले. काठी टेकत पेटीपर्यंत आले.

"चोरा," म्हणाले. "ऊठ. तिहिकुरा माझा डोंगर, असं म्हणायला तू कधी उभा राहिला नाहीस. का? तर म्हणे आपण तो कापला. कापलास, आणि डोकं घरी नेऊन लपवलंस! आणि ही तुझी बायको, सगळ्यात देवभोळी, त्याच्यावर तीस वर्षं टॉवेल वाळत घालत होती!"

अख्खं सभागृह हसलं. मी शाल तोंडावर ओढली. मेरेआना छताकडे बघत होती.

हसू थांबेपर्यंत पेतेरा थांबले. मग आवाज उतरला. "लहानपणी माथ्याशी झरा होता, आठवतो? आजी आपल्या दोघांना कळशी देऊन पाठवायची. प्रेताला पोचवून आल्यावर हात धुवायला त्याच झऱ्याचं पाणी. तू पुढे पळायचास आणि मी ओझं वाहायचो, आळशा. झरा गेला आणि मी तुला त्याबद्दल एक शब्द बोललो नाही. बोलायला हवं होतं. तीस वर्षं वाट बघितलीस." ते वाकले आणि हायमोनाच्या कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून राहिले. मग सरळ झाले आणि त्याच्या वतीनं बोलले, तो बोलला असता तसं. "तिहिकुरा माझा डोंगर. वाईरुआ माझी नदी. मी हायमोना."

मागे बायकांनी गाणं धरलं. मला सूर लागला नाही.

दफन झालं. टेकडीवरच्या आमच्या दफनभूमीतून तिहिकुरा दिसतो, माथा नसलेला, दाढ काढलेल्या तोंडासारखा. सगळे खाली फाटकाकडे निघाले. त्या फाटकाशी वर्षानुवर्षं निळं प्लास्टिकचं पिंप असायचं, त्याला साखळीनं बांधलेला मग. बाहेर पडताना हात धुवायचे, शिंपडायचं, मगच जेवायला जायचं. काल पिंप नव्हतं.

फाटकाशी दगड उभा होता. रात्री पाऊस झाला होता, खळगा काठोकाठ भरला होता. पुढचे लोक थबकले. कुणी हात घालेना. डोंगराच्या डोक्यात हात कसा घालायचा? पेतेरा मागून काठी टेकत आले आणि त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवले. डोक्यावर शिंपडलं आणि बाजूला झाले. मग एकेक जण आला. म्हाताऱ्यांना वाकावं लागलं नाही, खळगा त्यांच्या कमरेशीच येत होता. लहान मुलांना उचलून धरलं. खाणीतले ते तिघंही आले, सगळ्यात शेवटी, टोप्या काढून. आत कुणीही बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे भरलेले, हात आपोआप आत जात होते.

सगळे गेल्यावर मी आणि रिपेका उरलो. पाणी अर्ध्यावर आलं होतं. मी डोळे मिटून हात फिरवला, डावीकडे जरा जास्त वेळ. कुठेच टोचलं नाही.

"आई, डास होतील का गं यात?" रिपेकानं विचारलं. बापानं तिला सांगितलं असणार.

"होऊ देत," मी म्हटलं.

सवयीनं हात पुसायला टॉवेल शोधला. मग तसेच ओले राहू दिले.